सही करण्याआधी ते पुस्तक वाचा

वाचक भगिनीचे पत्र:

स. न. वि. वि. माझी मुलगी न्यू जर्सीतील सरकारी शाळेत आठवीत शिकते. आमच्या भागातील मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटावर गेल्या आठवड्यात एक अर्ज आला. शाळेच्या ग्रंथालयातील तीन पुस्तके अश्लील आहेत, ती ताबडतोब काढून टाकावीत, अशी मागणी त्यात आहे आणि प्रत्येक पुस्तकातील चार-दोन ओळींचे फोटो सोबत जोडले आहेत. ते वाचून मलाही अस्वस्थ वाटले, हे खरे. बावीस घरांनी सह्या केल्या आहेत. मी अजून केलेली नाही, म्हणून गणपतीच्या तयारीच्या बैठकीत सगळ्यांसमोर मला "तुम्हाला मुलीची काळजी नाही का?" असे विचारले गेले. ह्यांचे म्हणणे असे, की आपले ग्रीन कार्ड अजून व्हायचे आहे, कशातच पडू नको. कोणी म्हणते नव्या कायद्याने पालकांचा हक्कच काढून घेतला, तर कोणी म्हणते सुप्रीम कोर्टाने तो परत दिला. यातले खरे काय? आणि मुख्य म्हणजे अर्जातल्या त्या तीन पुस्तकांपैकी एक काल मला मुलीच्या दप्तरात सापडले. मी काय करू?
— एक आई, न्यू जर्सी

प्रिय ताई,

तुम्हाला भर बैठकीत जो प्रश्न विचारला गेला, तो विचारायला नको होता. बावीस घरांच्या सह्या झाल्यानंतरही जी आई थांबते आणि आधी खरे काय ते विचारते, तिला मुलीची काळजी नाही असे कोणी कसे म्हणावे? तुमच्या पत्रात कायद्याचे, शेजारधर्माचे आणि मुलीचे असे तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. मी आधी कायद्याचे सांगते, कारण तुमच्या गटावर फिरणारी दोन्ही विधाने अर्धवट आहेत.

न्यू जर्सीचा 'फ्रीडम टू रीड ॲक्ट', म्हणजे वाचनस्वातंत्र्याचा कायदा. गव्हर्नर फिल मर्फी यांनी ९ डिसेंबर २०२४ रोजी प्रिन्स्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयात त्यावर सही केली आणि तो वर्षभराने अमलात आला. या कायद्याने पालकांचा हक्क काढून घेतलेला नाही. शालेय ग्रंथालयातील पुस्तक काढण्याची मागणी कोणी करावी हेच त्यात ठरवून दिले आहे आणि त्यात त्या शालेय जिल्ह्याच्या (स्कूल डिस्ट्रिक्टच्या) शाळांत शिकणाऱ्या मुलांचे पालक, तेथील शिक्षक आणि स्वतः विद्यार्थी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ज्याचे मूल त्या शाळांत नाही, जो दुसऱ्या गावात किंवा दुसऱ्या राज्यात बसून याद्या पाठवतो, त्याला मात्र हा मार्ग खुला नाही. तुम्हाला तो पूर्णपणे खुला आहे, आणि कायद्याने यासाठी 'पालक' असणे पुरेसे मानले आहे, नागरिक असण्याची अट घातलेली नाही. व्हिसाविषयी काही वेगळी शंका असेल तर तुमच्या इमिग्रेशन वकिलांना विचारून घ्या. पण शाळेच्या विहित नमुन्यात भरलेला पालकाचा अर्ज म्हणजे काही भानगडीत पडणे नव्हे, हे तुमच्या यजमानांना अवश्य सांगा.

या कायद्याने बदलली आहे ती रीत. पुस्तकातील नेमका कोणता भाग आक्षेपार्ह आहे आणि का, हे अर्जदाराने लिहून द्यायचे. त्यानंतर शाळेतील एक समिती ते पुस्तक तपासते. त्या समितीत मुख्याध्यापक, ग्रंथपाल, त्या वयोगटाला शिकवणारा शिक्षक आणि पालकही असतात. तपासणी चालू असेपर्यंत पुस्तक फडताळावरच राहते आणि मुलांना नेता येते. समिती आपले मत त्या शालेय जिल्ह्याच्या शिक्षण मंडळाला (बोर्ड ऑफ एज्युकेशनला) देते, अंतिम निर्णय मंडळ घेते, आणि पुस्तक काढले तरी व ठेवले तरी त्याची कारणे मंडळाला लेखी द्यावी लागतात. समितीच्या शिफारशीविरुद्ध निर्णय घ्यायचा असेल तर त्याचेही कारण लिहावे लागते. लेखकाचा वंश, पार्श्वभूमी किंवा पुस्तकातील मते पटत नाहीत एवढ्यावरून पुस्तक काढता येत नाही. मात्र एखादे पुस्तक त्या वयाच्या मुलांच्या समजशक्तीला खरोखरच योग्य नसेल, तर ते त्या वयोगटापुरते बाजूला ठेवण्याची मुभा कायद्यात आहे. त्यामुळे "आता काहीही ठेवले तरी बोलता येणार नाही" ही भीती निराधार आहे.

आता सुप्रीम कोर्टाचे. तुमच्या गटात ज्याचा उल्लेख झाला तो बहुधा जून २०२५ मधील महमूद विरुद्ध टेलर हा निकाल असावा. मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीत प्राथमिक शाळेच्या वर्गात समलिंगी व्यक्तिरेखा असलेली गोष्टींची पुस्तके वाचून दाखवली जात होती. तो तास चालू असताना आपल्या मुलांना वर्गाबाहेर बसू द्यावे, अशी काही मुस्लीम व ख्रिस्ती पालकांची धर्मश्रद्धेच्या आधारे मागणी होती, आणि कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी त्या पालकांच्या बाजूने कौल दिला. तो हक्क आहे आपल्या मुलाला वर्गातील वाचनातून वगळून घेण्याचा. दुसऱ्याच्या मुलाने ग्रंथालयातून आपणहून नेलेले पुस्तक त्याच्या हातून काढून घेण्याचा हक्क त्या निकालाने कोणालाही दिलेला नाही. वर्ग आणि ग्रंथालय यांतील हा फरक तुमच्या गटात कोणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवा, कारण वर्गात मुलाला बसवले जाते आणि ग्रंथालयात मूल आपल्या पायांनी जाते.

तुम्ही विचाराल, की अमेरिकेसारख्या देशात यासाठी वेगळा कायदा कशाला लागावा? अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी देणारी राज्यघटनेतील पहिली दुरुस्ती आहेच की. तर ती ढाल जितकी भक्कम वाटते तितकी ती ग्रंथालयाच्या बाबतीत नाही. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरील आयलंड ट्रीज येथील शिक्षण मंडळाने शाळेच्या ग्रंथालयातून नऊ पुस्तके काढली होती, आणि एका हायस्कूलच्या विद्यार्थ्याने, स्टीव्हन पिको याने, इतर काही मुलांसह मंडळावर खटला भरला. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. केवळ त्यांतील विचार आवडत नाहीत म्हणून मंडळाला पुस्तके काढता येणार नाहीत, असे न्यायमूर्ती ब्रेनन यांनी १९८२ मध्ये लिहिले. परंतु त्या मताला पूर्ण बहुमत मिळाले नाही, आणि तेव्हापासून तो निकाल अर्ध्या उघड्या दारासारखा राहिला आहे. टेक्सासमधील लॅनो काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयातून सतरा पुस्तके काढली गेली, तेव्हा तेथील वाचकांनी याच निकालाचा आधार घेतला. मे २०२५ मध्ये पाचव्या सर्किटच्या, म्हणजे त्या भागातील राज्यांसाठीच्या केंद्रीय, अपील न्यायालयाने १० विरुद्ध ७ मतांनी तो आधार नाकारला आणि ग्रंथालयात काय ठेवायचे हा सरकारचाच आवाज आहे, म्हणजे त्यावर पहिल्या दुरुस्तीच्या आधारे वाचकांना हरकत घेता येत नाही, असे त्या दहांपैकी बहुतेक न्यायाधीशांनी म्हटले. डिसेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यात लक्ष घालण्यास नकार दिला. टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपी या तीन राज्यांतील वाचकांना आज हाच कायदा लागू आहे. न्यू जर्सी त्या न्यायालयाच्या कक्षेत येत नाही, पण वारे कुठे वाहते आहे ते दिसतेच. म्हणूनच राज्यांनी आपापली कुंपणे घालायला सुरुवात केली.

पहिले पाऊल इलिनॉयने उचलले. तेथे जून २०२३ मध्ये झालेला कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. त्याची रचना आपल्याकडील अनुदानाच्या अटीसारखी आहे: अमेरिकन लायब्ररी असोसिएशन या ग्रंथालयांच्या देशव्यापी संघटनेचा १९३९ पासून चालत आलेला ग्रंथालय हक्कांचा जाहीरनामा ग्रंथालयाने स्वीकारावा, किंवा दबावाखाली पुस्तके काढणार नाही असे स्वतःचे लेखी धोरण करावे, तरच राज्याचे अनुदान मिळेल. कॅलिफोर्निया, मेरीलँड, मिनेसोटा, कोलोरॅडो आदी राज्यांनी आपापल्या पद्धतीने कायदे केले. इलिनॉयचा मार्ग मला थोडा कच्चा वाटतो, कारण ज्याला अनुदान नको त्याला तो बांधत नाही. न्यू जर्सीच्या कायद्यात एक गोष्ट अधिक आहे: सद्भावनेने काम करणाऱ्या ग्रंथपालाला दिवाणी व फौजदारी कारवाईपासून त्याने संरक्षण दिले आहे. हे कलम कुठून आले ते न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी विसरू नये. तुमच्याच राज्यातील एका हायस्कूलच्या ग्रंथपालबाईंवर २०२१ मध्ये शिक्षण मंडळाच्या भर सभेत, फडताळावर ठेवलेल्या पुस्तकांवरून, मुलांना नासवणारी बाई अशा अर्थाचे अत्यंत घाणेरडे आरोप झाले. पुढे ती पुस्तके मंडळाने कायम ठेवली. पण गावासमोर अंगावर पडलेले ते शब्द सोसायचे कोणी? त्या बाईंनीच.

आता मी तुम्हाला माझ्याविषयी सांगते, कारण या बाबतीत मी तटस्थ नाही आणि ते तुम्हाला ठाऊक असलेले बरे. मी निवृत्तीपर्यंत महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी अनुदानित वाचनालयात ग्रंथपाल होते. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला, हस्तलिखितांची आणि पुस्तकांची नासधूस झाली, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने ज्या इंग्रजी पुस्तकावरून हे सारे घडले त्यावर बंदी घातली. आमच्या वाचनालयात ते पुस्तक नव्हतेच. तरीही महिनाभरात कार्यकारी मंडळाचे एक सदस्य संध्याकाळी देवघेवीच्या वेळी आले आणि त्यांनी माझ्यासमोर एक चिठ्ठी ठेवली. तिच्यावर एका वेगळ्याच, जुन्या मराठी इतिहासविषयक पुस्तकाचे नाव होते. "हे बाहेर ठेवू नका," एवढेच ते म्हणाले. त्यांनी ते वाचले नव्हते; त्यांनाही कोणाचा तरी फोन आला होता. मी पुस्तक उचलून कार्यालयातील लोखंडी कपाटात ठेवले. वर्षअखेरीच्या पडताळणीत ते कपाट उघडले गेले नाही, आणि दाखल नोंदवहीत त्या क्रमांकासमोरच्या शेऱ्याच्या रकान्यात मी स्वतःच्या हाताने, लाल शाईने, 'गहाळ' असे लिहिले. पुस्तक माझ्या खुर्चीपासून आठ फुटांवर होते. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी ते दोनदा मागितले आणि दोन्ही वेळा मी "सापडत नाही" असे सांगितले. तिसऱ्यांदा त्यांनी मागितले नाही.

सरकारने ज्या पुस्तकावर उघडपणे बंदी घातली, त्या बंदीचा लेखी आदेश होता, त्यावर सही होती, कारणे होती. म्हणूनच त्या आदेशाला आव्हान देता आले; मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तो रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. माझ्यासमोर ठेवलेल्या चिठ्ठीला मात्र कोणत्या कोर्टात आव्हान देणार? तिच्यावर तारीख नव्हती, सही नव्हती, कारणही नव्हते. आपल्याकडे १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आहे, त्यानुसार वाचनालयांना दर्जा मिळतो, अनुदान मिळते, तपासणी होते, जीर्ण पुस्तकांचे निर्लेखन, म्हणजे ती नोंदीतून कमी करणे, कसे करावे याचेही नियम आहेत. पण दबावाखाली पुस्तक काढू नये आणि ग्रंथपालाने तसे करण्यास नकार दिला तर त्याला अभय असावे, असे कलम त्या अधिनियमात नाही. असते, तर मी त्या गृहस्थांपुढे एक कोरा अर्ज ठेवून "आपला आक्षेप यावर लिहून द्या" एवढे तरी म्हणू शकले असते. मला खात्री आहे, त्यांनी तो भरला नसता. म्हणून न्यू जर्सीच्या कायद्यातील 'कारणे लेखी द्यावीत' ही कोरडी तरतूद वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ती लाल शाई येते. कोणतेही पुस्तक कधीच काढू नये असे हा कायदा म्हणत नाही. ते गुपचूप गहाळ होऊ नये, एवढी व्यवस्था तो करतो.

आता तुमच्या गटावरील अर्जाकडे येऊ. त्यासोबत आलेल्या चार-दोन ओळींच्या फोटोंनी तुम्ही अस्वस्थ झालात, यात लाजण्यासारखे काही नाही; मीही झाले असते. परंतु 'अश्लील' हा शब्द कायद्यात सहज वापरण्याचा नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्ये त्याची जी कसोटी घालून दिली, तिच्यात कलाकृती समग्रपणे पाहिली पाहिजे आणि तिला गंभीर वाङ्मयीन, कलात्मक, राजकीय वा वैज्ञानिक मूल्य आहे का हे तपासले पाहिजे, असा आग्रह आहे. आपल्या संतवाङ्मयातूनही निवडक चार ओळी उचलून, संदर्भ तोडून कोणाला दाखवल्या, तर ऐकणारा कानांवर हात ठेवील. पुष्कळदा मुलीवर झालेल्या अत्याचाराचे वर्णन ज्या पानावर असते तेच पान फोटोसाठी निवडले जाते, आणि तिने तो कोणाला सांगितला, तिला मदत कशी मिळाली, ही पुढची पन्नास पाने फोटोत येत नाहीत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला त्या पुढच्या पानांची गरज कधी लागेल हे कोणत्याही आईला सांगता यायचे नाही.

आणखी एक गोष्ट तपासून पाहा: हा अर्ज लिहिला कोणी? तुमच्या गटातील एखाद्या आईने आपल्या मुलाच्या हातातील पुस्तक वाचून लिहिला असेल, तर तिच्या म्हणण्याला वजन आहे आणि तिचे ऐकून घेतले पाहिजे. पण अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या २०२४ च्या नोंदींनुसार त्या वर्षी पुस्तके हटवण्याचे ८२१ प्रयत्न झाले, त्यांतून २,४५२ वेगवेगळ्या पुस्तकांवर आक्षेप घेतले गेले, आणि त्या प्रयत्नांपैकी पालकांकडून आलेले फक्त १६ टक्के होते. बाकीच्यांत फार मोठा वाटा संघटित दबावगटांचा आणि पदाधिकाऱ्यांचा होता. एकच यादी गावोगाव फिरते, मजकूर तोच, फोटो तेच. तुमच्या गटातील बावीस जणांपैकी किती जणांनी तिन्ही पुस्तके हातात घेतली, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

तेव्हा माझा सल्ला असा. न वाचता सही करू नका. तुम्ही सही करणार नाही असे आज जाहीर करण्याचीही गरज नाही. "मी पुस्तके वाचते आणि मग ठरवते" एवढे पुरे आहे, आणि ते खरेही असू द्या. शाळेच्या ग्रंथपालांना दोन ओळींचा ईमेल पाठवून वेळ मागा, भेटायला जा, आणि ही पुस्तके कोणत्या वयोगटासाठी घेतली व का, ते त्यांनाच विचारा. त्यांच्याकडे पुस्तकनिवडीचे धोरण असते. ते मागून घ्या. बहुतेक ग्रंथपाल अशा भेटीने सुखावतात, कारण तक्रारीऐवजी प्रश्न घेऊन येणारा पालक त्यांना क्वचितच भेटतो. वाचल्यानंतर एखादे पुस्तक आपल्या मुलीसाठी अजून लवकर आहे असे वाटले, तर ते तिच्याशी बोला आणि ग्रंथपालांच्याही कानावर घाला. ते तुमचे घर आहे आणि तो निर्णय तुमचा आहे. ते आठवीतील कोणत्याच मुलाच्या हाती पडू नये असे मनापासून वाटले, तर कायद्याने दिलेला अर्ज एकटीने, स्वतःच्या शब्दांत भरा. मी त्यालाही विरोध करणार नाही. वाचून, नाव घालून, कारण देऊन घेतलेला आक्षेप हा वाचनाचाच एक भाग आहे. बावीस नावांच्या खाली तेविसावे नाव म्हणून मात्र सही करू नका.

गणपती तोंडावर आहेत आणि वर्षानुवर्षे एकमेकांच्या अडीअडचणीला धावून जाणारी ही माणसे आहेत, याची मला जाणीव आहे. म्हणून गटावर वाद घालू नका. लिहून वाद वाढतात. ज्या बाईंनी तुम्हाला तो प्रश्न विचारला, त्यांना एका संध्याकाळी चहाला बोलवा आणि तिन्हींपैकी एक पुस्तक दोघींनी मिळून वाचायला घेऊ या, असे सुचवा. गावच्या सार्वजनिक ग्रंथालयातून आणखी एक प्रत मिळू शकेल. त्या नाही म्हणाल्या तर नाही. पण तुम्ही त्यांना टाळले नाही, हे त्यांच्या लक्षात राहील. शिक्षण मंडळाच्या सभा न्यू जर्सीत सर्वांसाठी खुल्या असतात. अर्ज पुढे गेला तर त्या सभेला जाऊन मागच्या रांगेत का होईना, बसा.

आणि ते दप्तरातील पुस्तक. ते तिने लपवले होते की नुसते वह्यांच्या मध्ये होते, हे तुम्ही लिहिलेले नाही. तुम्ही तिचे दप्तर उघडलेत हे आधी तिला सांगा, नाहीतर पुढचे बोलणे होणारच नाही. ते काढून घेऊ नका आणि तिच्याआधी शाळेत परत करू नका, कारण मग तिला एवढेच समजेल की आईला सांगण्यासारखी पुस्तके वेगळी आणि वाचण्यासारखी वेगळी. तिने कुठवर वाचले आहे ते विचारा, तिचे वाचून झाले की मला दे म्हणावे, आणि परतीची तारीख जवळ आली असेल तर ग्रंथपालांकडून मुदत वाढवून घ्या. पानात खूण तिची राहू द्या. तुमच्यासाठी दुसरी घाला.

तुमची,
सदरलेखिका